गेरूचे पट्टे

धुळे,
२ मार्च २०२५

ती. अक्कांना,
केवळचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? फोन केला की अभिमन उचलतो, आईला ऐकू येत नाही, काय ते मला सांगा म्हणतो. मला जे सांगायचं ते तुमच्यापर्यंत त्याच्या तोंडून जायला नको, म्हणून कागद घेतला.

यंदा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, तीस एप्रिलला आहे. तुमच्या भावाची पहिली घागर भरायची आहे. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा घागरीपुढे पितर म्हणून जेवायला कोण बसणार हे ते गेल्यापासून आठ महिने माझ्या डोक्यात आहे. भाऊबंदांतला धनसिंग बसतो म्हणाला. पण तो बारा वर्षं यांच्याशी बोलत नव्हता. पितराने पोट भरलं म्हटल्याशिवाय आपल्याकडे घरची माणसं घास घेत नाहीत, आणि ते दोन शब्द धनसिंगच्या तोंडून आलेले मला चालणार नाहीत. भाच्याने बसावं. अभिमनला पाठवा. तुम्हीही या. दर आखाजीला तुम्ही माहेरी येत होता. भाऊ नसला तरी दार आहे.

दुसरी गोष्ट. हौदाची बाग उघडली. नऊ महिने पत्रे ठोकून बंद होती, फेब्रुवारीत उघडली. मी परवा शेजारच्या रईसाला सोबत घेऊन गेले. आता तिकीट आहे. रईसा फाटकावरच म्हणाली, "केवळबाई, तुझ्या नवऱ्याने एकतीस वर्षं इथे शेणखत वाहिलं आणि तिकीट तुलाच?" फाटकावर तोच आपला पुना आहे. खाली मान घालून म्हणाला, "काकी, मना हातमा काही नही शे." मी पैसे दिले. त्याची नोकरी का घालवू?

दगडी कमान आहे तशी आहे. दीडशे वर्षांचा हौद आहे, पण पायऱ्यांवर निळा रंग दिला आहे. बँडच्या चौथऱ्यावर लाल बदामाची कमान उभी केली आहे, पोरं तिच्यात उभी राहून फोटो काढतात. हौदातून झाडांना पाणी नेणारे दगडी पाट बुजवले, वर फरशी आली. झाडांच्या नावाच्या पत्र्याच्या पाट्या गेल्या. तुम्हाला ठाऊक आहे, मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. यांचा डबा घेऊन जायचे, त्या पाट्या बघायचे, हे अक्षर कोणतं विचारायचे. कदंबाचा क, बहाव्याचा ब. त्या पाट्यांवर मी वाचायला शिकले, नंतर बागेतल्या वाचनालयातले सगळे जुने अंक संपवले. आता वाचनालयात आइस्क्रीम मिळतं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण अक्का, आपला लिंब नाही.

मधल्या वाटेचा तो कडूलिंब, ज्याला आखाजीला पहिला झोका तुमचा बांधायचे, तो नाही. जिथे होता तिथे फरशी आहे. झोक्याची बाकीची सहा झाडंही नाहीत. तुमचे भाऊ दर आखाजीच्या आधी ज्या सात झाडांना छातीच्या उंचीवर गेरूचा पट्टा द्यायचे, ती सातच्या सात. पट्टा असला म्हणजे फांदी भक्कम, तिथे दोर टाका, हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. बाकी झाडं आहेत. मागच्या भिंतीकडच्या वाळलेल्या सुबाभळी, ज्यांच्याखाली कोणी बसत नाही, त्यासुद्धा आहेत. त्यांना मात्र कोणी लाल तेलरंगाचे पट्टे दिलेत. कशाला दिले असतील?

आणि हे बघा. बाग बंद झाल्यावर तुमचे भाऊ रोज सकाळी जाऊन पत्र्याच्या फटीतून बघून यायचे. त्यांना आत सोडत नव्हते. मी विचारायचे, लिंब आहे ना? ते म्हणायचे, आहे. एकदा म्हणाले, पालवी दाट आली आहे यंदा. गेले त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत म्हणत होते. पुना म्हणतो लिंब मे महिन्यातच पडला. चाळीस वर्षांत तो माणूस माझ्याशी खोटं बोलला नव्हता. मग शेवटचे दोन महिने रोज का बोलला?

अभिमन ठेकेदारांच्या कामांवर असतो. त्याला विचारा, हे काम कोणाचं होतं.

तुमची,
केवळ

◆

जळगाव,
१५ मार्च २०२५

चि. केवळ हिला आशीर्वाद.

नावाआधी सौ. लिहून खोडलं आहे. हाताला सवय आहे, मनाला लावून घेऊ नको.

गुडघे तसेच. खालच्या मजल्यावरच्या चंदनबाईंनी कसलंसं तेल दिलं, वास इतका की अभिमनची पोरं जवळ येत नाहीत, तेवढाच आराम. होळी झाली. पोळ्या मी नाही केल्या, सुनेने केल्या, पुरण सैल.

तुझं पत्र दोनदा वाचलं. झाडं मरतात केवळ. माणसं मरतात तिथे झाडाचं काय घेऊन बसलीस. आणि ज्याला जाऊन वर्ष झालं नाही त्याला खोटं बोलला असं लिहिताना तुझा हात कसा चालला? पत्र्याच्या फटीतून म्हाताऱ्याला काय दिसणार. दुसरं एखादं झाड दिसलं असेल. झुलालला मोतीबिंदू होता, तो तू वेळेवर काढून घेतला नाहीस, हे मी तेव्हाही म्हटलं होतं.

अभिमनला त्या बागेचं काही माहीत नाही. तो दीड वर्ष रावेर-सावद्याकडे रस्त्याच्या कामावर आहे. केळीच्या गाड्यांनी रस्ता बसतो, हे करतात, पुन्हा बसतो. त्याला सुट्टी मिळणं कठीण. आखाजीला जमेल असं मी धरून चालत नाही, तूही धरू नको. धनसिंग बसतो म्हणतोय तर बसू दे. मेल्यावर कसला अबोला.

मला इतका प्रवास होणार नाही.

त्या बागेत परत जाऊ नको. जीव जाळून घेतेस उगीच.

तुझी,
अक्का

◆

धुळे,
२५ मार्च २०२५

अक्का,

मी परत गेले.

या वेळी एकटी गेले, दुपारी, बाग रिकामी असताना. पुना फाटकाच्या सावलीत भाकर खात होता. मी त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं, कळल्याशिवाय उठणार नाही. त्याने हात धुतले, मग हळूहळू सांगितलं.

मागच्या भिंतीच्या सात सुबाभळी तोडायच्या होत्या. त्यांना आठवडाभर आधी लाल तेलरंग देऊन ठेवला होता. तोडणारे बाहेरगावचे. त्यांच्या कागदावर इतकंच होतं की लाल पट्ट्याची सात झाडं. ते पुढच्या फाटकातून आले. आखाजी होऊन दहा दिवस झालेले, गेरू ताजा. पहिलं लाल पट्ट्याचं झाड दिसलं, त्यांनी करवत लावली. मोजून सात केली आणि गेले. मागच्या भिंतीपर्यंत कोणी गेलंच नाही. सुबाभळी अजून आहेत, ते तुम्हाला मी लिहिलंच होतं.

मी विचारलं, काम बघायला कोणी नव्हतं का? पुनाने फाटकाकडे बघितलं. मग म्हणाला, "काकी, अभिमनभाऊ व्हता."

अक्का, तुम्ही लिहिलंत तो सावद्याला होता.

पुढचं ऐका. अभिमन बारा वाजता आला, तेव्हा तीन झाडं पडली होती. चार उभी होती. लिंब उभा होता. त्याने पाहिलं. पुना त्याच्या शेजारी उभा होता, तो म्हणाला, भाऊ, हे तर तुमच्या मामाचे गेरूचे पट्टे, ही झाडं नव्हेत. अभिमनने पडलेली झाडं मोजली. मग म्हणाला, तीन गेली, आता थांबवलं तर चूक कागदावर येईल. चालू द्या. आणि दुसऱ्या दिवशी पुनाला सांगितलं, मामा आले तर आत सोडायचं नाही.

तुमच्या भावाने त्या पोराला खांद्यावर बसवून त्या बागेत फिरवलं. त्याचा पहिला झोका त्याच लिंबाला. दर आखाजीला जेवायला बसवण्याआधी मामा म्हणून त्याच्या पाया पडायचे, चाळिशीतल्या माणसाने आठ वर्षांच्या पोराच्या. तो हसायचा, पाय मागे घ्यायचा. मामा ते पाय धरून ठेवायचे. भाचा मोठा, म्हणायचे.

पितर म्हणून त्याला पाठवू नका. त्याने माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. धनसिंगही नको. मी घागर भरीन आणि ताटासमोर कोणी बसणार नाही.

तुम्हाला माहीत होतं. तुमच्या पत्रातली प्रत्येक ओळ आता मी उलटी करून वाचते.

केवळ

◆

जळगाव,
३ एप्रिल २०२५

केवळ,

माझ्या पोराला उंबरा बंद करतेस. ठीक. मग पूर्ण ऐक.

पट्टे कोणी दिले होते? झुलालने? गेल्या वर्षी त्याचा हात कापत होता, कप धरता येत नव्हता. बादली तो धरून उभा होता आणि ब्रश तुझ्या हातात होता. त्याचे पट्टे दोन बोटांचे असायचे, फिकट. तू वीतभर दिलेस, दोन-दोन हात, लांबून दिसावेत म्हणून. तोडणाऱ्यांना लांबून दिसले.

हे मी तुला सांगणार नव्हते. झुलाल जूनमध्ये इथे आला होता. तुला सांगून आला की अक्काचे गुडघे बघून येतो. गुडघ्याचं त्याने विचारलंसुद्धा नाही. त्याला सगळं कळलं होतं. इथे खाटेवर बसला आणि अभिमनला म्हणाला, जे झालं ते झालं, तुझ्या मामीला कळता कामा नये. तिने हौसेने रंगवलं होतं. तिला कळलं तर ती त्या हाताने पुन्हा भाकर थापणार नाही. अभिमन रडला. त्याने मामाच्या पायावर डोकं ठेवलं, तर झुलालने त्याला उठवून उलट त्याच्याच पायाला हात लावला. वर्षानुवर्षं तेच, त्या दिवशीही तेच. मी भिंतीकडे तोंड करून बसले.

मला शपथ घातली होती. म्हणून सावदा लिहिलं. आत सोडायचं नाही हे अभिमनने सांगितलं असेल, पण फटीतून बघून आल्यावर तुला काय सांगायचं हे झुलालने स्वतःच ठरवलं. तुझ्या हातासाठी ठरवलं. तो खोटारडा नव्हता.

पोराने चूक केली. मी आई आहे, मी ती धुऊन काढत नाही. चार झाडं वाचवता आली असती. त्याची नोकरी गेली असती एवढंच. ती गेली असती तर बरं झालं असतं असं मला या वर्षात पुष्कळदा वाटलं. पण तू एकटी निर्दोष आणि आम्ही दोघं चोर, असं मी ऐकून घेणार नाही.

झालं समाधान?

सुपडाबाई

◆

धुळे,
१८ एप्रिल २०२५

अक्का,

तुम्ही खाली अक्का न लिहिता नाव लिहिलंत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पट्टे मी दिले हे मला माहीत होतं. माझेच हात आहेत, मला कसं माहीत नसेल? पुनाने सांगितलं तेव्हा त्याची अर्धी भाकर तशीच समोर होती आणि ब्रशचं वजन माझ्या हातात आलं. घरी येऊन मी तुम्हाला पत्र लिहिलं आणि त्यातून तेवढंच गाळलं. सगळा लाल रंग अभिमनच्या अंगावर टाकला. तुम्ही ते लिहाल की लपवाल, हेही मला बघायचं होतं. तुम्ही लिहिलंत. तेवढं तुमचं खरं.

यांना माहीत होतं, हे मात्र मला माहीत नव्हतं.

मी समजत होते ते त्यांच्याच दुःखाने खोटं बोलतात. झाड गेलं हे तोंडाने म्हणवत नसेल म्हणून आहे म्हणतात. ते माझ्यासाठी होतं हे तुमच्या पत्राने कळलं. आता मी ते दोन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजते. सकाळी सहाला जायचे. ऊन चढेपर्यंत पत्र्याला डोळा लावून फरशी बसवताना बघायचे. परत येऊन पाणी प्यायचे. मी विचारायचे, लिंब आहे ना. आणि मी विचारल्याशिवाय एकही दिवस सोडला नाही. डॉक्टर हृदय म्हणाले. असेल. पण रोज त्याच जागी बोट लावत होते ती मी.

गेल्या वर्षी पट्टे देताना ते म्हणाले होते, इतका रुंद नको केवळ, झाड नवरीसारखं दिसतंय. मी म्हटलं, दिसू द्या. बागेचं काम निघणार असं ऐकलं होतं. मला वाटलं, ठसठशीत पट्टा असला की लोकांना कळेल हे झाड बायकांच्या झोक्याचं आहे, याला हात लावायचा नाही. राखायला दिला होता मी तो पट्टा. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, त्यांनाही नाही.

काल बागेत गेले होते. तिकीट काढून. लिंबाच्या जागेवर आता बाक आहे. त्यावर एक तरुण जोडपं बसलं होतं, त्यांनी सरकून मला जागा दिली. मी बसले. ऊन थेट डोक्यावर. मुलगी म्हणाली, आजी, इथे सावली नाही, तिकडे बसा. मी म्हटलं, हो, नाही. आणि तिथेच बसून राहिले.

अक्का, अभिमनला पाठवा.

त्याला माफ केलंय म्हणून नव्हे. करणारही नाही, तसं त्याला सांगा. पण रीत भाच्याची आहे, आणि त्यांनी ते पाय शेवटपर्यंत सोडले नाहीत, तर मी कोण सोडवणारी. बसायला पाट मी देईन. झोक्याची सागवानी फळी आहे, तीच. दुसरा पाट घरात आहे, पण तो मी देणार नाही. त्याने त्यावर बसावं, जेवावं, आणि शेवटी जे म्हणायचं ते मामाच्या वतीने म्हणावं. मी विचारीन. त्याला म्हणता आलं तर म्हणू दे.

केवळ

◆

जळगाव,
२४ एप्रिल २०२५

तो येतो म्हणतो. फळीचं सांगितलं. उठून दाढी करून आला.

मी येत नाही. गुडघ्यांमुळे नाही.

अक्का

◆

धुळे,
१ मे २०२५

अक्कांना,

अभिमन काल सकाळी अकराला आला. एकटाच. दारात उभा राहिला, मी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. रईसा माझ्याकडे खरबूज घेऊन आली होती, ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "आत तरी ये, उन्हात सुकून पितर होशील." मग तो आत आला.

घागर मांडली होती. वर खरबूज, सांजोरी. पुरणपोळी, आमरस, खीर, भजी, कुरडया, सगळं केलं होतं. त्याच हातांनी केलं, तेव्हा तुमच्या भावाची तेवढी भीती खोटी निघाली. जमिनीवर फळी ठेवली. दोर बांधायच्या खाचा तिच्या दोन्ही टोकांना आहेत, त्याने त्या खाचांवर अंगठा फिरवला आणि बसला. मामा नव्हते, म्हणून पाया मी पडले. त्याने पाय मागे घेतले. मी धरून ठेवले.

तो जेवला. मला वाटलं होतं दोन घास घेऊन उठेल. उठला नाही. खाली बघून जेवत राहिला, मी वाढत राहिले. ताट स्वच्छ झालं तेव्हा मी समोर बसले आणि विचारलं, पोट भरलं का?

त्याने ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "नही भरनं, मामी."

मी पुन्हा वाढलं. त्याने पुन्हा खाल्लं. घाम गळत होता, तरी खाल्लं. मी दुसऱ्यांदा विचारलं. त्याने मान हलवली, नाही. तिसऱ्यांदा उरलेल्या सांजोऱ्या घातल्या. रईसा दारातून म्हणाली, केवळ, बस कर. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं. अक्का, तो म्हणू शकला असता. दोन शब्द. सगळेच म्हणतात, अर्ध्या पोटीसुद्धा म्हणतात. त्याने म्हटलं नाही. ताटात हात तसाच ठेवून बसला आणि म्हणाला, मामांच्या सांगण्यावरून एकदा तुमच्यापासून लपवलं, तेही खोटंच होतं, आता त्यांच्या वतीने खोटं नाही बोलणार.

मग मी ताट उचललं. तो हात धुऊन चारच्या बसने गेला. फळी त्याने स्वतः उभी करून भिंतीला लावली.

अन्न सगळं तसंच झाकून आहे. पितराने पोट भरलं म्हटल्याशिवाय घरच्यांनी जेवायचं नसतं. मी काल जेवले नाही. आज सकाळी चहा घेतला, त्याला अन्न म्हणत नाहीत. दुपारी रईसाने तिच्या घरची भाकर आणून पुढ्यात ठेवली, म्हणाली, ही माझ्या चुलीची आहे, हिला तुमची रीत लागत नाही. तेवढी खाल्ली.

पुढच्या आखाजीला अभिमनलाच पाठवा. त्याच्या पुढच्याही. मी असेपर्यंत वाढीन, विचारीन. जोवर त्याला ते म्हणता येत नाही तोवर मीही घागरीचं अन्न खाणार नाही.

गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची,
केवळ